सल्लागार वगळून

"आलं संपलं. आज नुसत्या गवती चहावर भागव," हिर्लेकर सर थर्मासचं झाकण माझ्यापुढे धरत म्हणाले. "बस जरा. चेहरा उतरलाय तुझा."

मी बाकावर त्यांच्या शेजारी टेकले. परिषदेसाठी उभारलेल्या त्या अवाढव्य तंबूत हीटर घोंगावत होते, तरी पायांना गारठा लागत होता. समोरून जगभरची माणसं गळ्यात बिल्ले अडकवून लगबगीनं ये-जा करत होती. परक्या देशातल्या, परक्या भाषांच्या त्या गर्दीत आम्ही दोघं रोज जेवणाच्या सुट्टीत असे चहा प्यायचो आणि मराठीत बोलायचो. सरांच्या पत्नी शरयूकाकूंनी गवती चहा वाळवून पुडी बांधून दिली होती. "तिकडचं पाणचट पिऊन पोट बिघडेल पोरीचं," असं त्या सरांना म्हणाल्या होत्या म्हणे.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा मी तिशीची होते. पुण्यात सरांच्या हाताखाली पर्यावरण कायद्यात पीएच.डी. केली होती आणि त्यांच्याच केंद्राच्या फेलोशिपवर काम करत होते. हवामानाच्या या वाटाघाटींना मोठे देश वकिलांची फौज घेऊन येतात. छोट्यांना एकही वकील परवडत नाही. म्हणून आमचं केंद्र अशा देशांना आपले वकील विनामूल्य देत असे. मला दिलं होतं पॅसिफिकमधल्या एका बेटाला. तिथली सगळ्यात उंच जागा म्हणजे चर्चची पायरी, असं त्यांच्या शिष्टमंडळाची प्रमुख तेरेसिया हसत हसत सांगायची. ती पूर्वी शाळेत भूगोल शिकवायची. मला मॅडम म्हणायचं नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"तुमचा परिच्छेद कुठवर आला?" सरांनी विचारलं.

"अडलाय. केंट हलायलाच तयार नाही."

परिच्छेद एका वाक्याचाच होता. परिषदेला येणाऱ्या प्रत्येकानं आपला खर्च कोण करतं, पगार किंवा मानधन कोण देतं, हे बिल्ल्यावर लिहिणं बंधनकारक राहील, एवढंच त्यात म्हटलं होतं. कोळसा आणि तेल कमी करायच्या बैठकीत कोळशाची आणि तेलाची माणसं शेकड्यांनी येऊन बसतात, त्यांनी निदान आपलं नाव तरी सांगावं, एवढीच त्या बेटाची मागणी होती. तिथे एकाची जरी हरकत आली तरी मजकूर अडतो, आणि या मागणीला सगळ्यात जास्त विरोध केंटचा. उंच, गोड बोलणारा, कधीही आवाज न चढवणारा माणूस. बिल्ल्यावर एका देशाचं नाव, आणि प्रत्यक्षात एका तेलकंपनीचा वकील. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण म्हणायचं कुणी?

"मग? अगदी शेवटी काय करायचं ठरवलंय तुम्ही?"

मी इकडे तिकडे बघितलंसुद्धा नाही. मराठीत बोलत होतो ना आम्ही.

"गळ्याशीच आलं तर सल्लागार वगळून टाकायचे, सर. फक्त कंपन्यांच्या पगारी नोकरांपुरता नियम ठेवायचा. आज सकाळीच ठरलंय. पण ते इतक्यात तोंडातून काढायचं नाही म्हणते तेरेसिया."

"शहाणी बाई आहे," सर म्हणाले. "आणि तू काहीतरी खाऊन घे. नुसत्या चहावर मेंदू चालत नाही."

त्यांनी खिशातून शेंगदाण्याच्या वड्यांचा पुडा काढला. अर्धा मला दिला, अर्धा परत खिशात ठेवला.

दुपारच्या बैठकीत केंट बोलायला उठला. "अध्यक्षबाई, आम्ही सहकार्याच्या भावनेनं एक पाऊल पुढे येतो," तो म्हणाला. "नियम कंपन्यांच्या पगारी नोकरांपुरता ठेवला, सल्लागार त्यातून वगळले, तर आम्ही आजच मान्यता देऊ."

मला आधी वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. मी तेरेसियाकडे पाहिलं. तिचा चेहरा जराही बदलला नाही. आपल्याला विचार करायला वेळ हवा, एवढं बोलून तिनं उद्या सकाळपर्यंत मुदत मागून घेतली, आणि बाहेर पडताना माझा दंड धरला.

कोट टांगायच्या जागेपाशी कुणी नव्हतं. तिथे ती थांबली.

"सकाळी माझ्या खोलीत आपण तिघंच होतो," ती म्हणाली. "मी, तू आणि आमचा सचिव. सचिव तिथून उठून दाढ काढायला गेला. त्याला अजून धड बोलता येत नाहीये. तू कुणाशी बोललीस?"

"कुणाशीच नाही."

हे मी अगदी प्रामाणिकपणे म्हटलं. मग आठवलं.

"म्हणजे... सरांशी. पण ते काही..."

"ते काही काय?"

"ते माझे सर आहेत, तेरेसिया!"

ती हसली नाही. ट्रामच्या रुळांपलीकडच्या हॉटेलात तिनं सरांना आणि केंटला नाश्ता करताना पाहिलं होतं. एकदा नाही, अनेकदा.

मला राग आला. सर सगळ्यांशीच बोलतात, सगळ्यांबरोबर जेवतात, तो त्यांचा स्वभाव आहे, असं मी तिला फणकाऱ्यानं सांगितलं. माझे वडील मिरजेच्या इस्पितळात होते तेव्हा हा माणूस पुण्याहून एसटीनं आला होता. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून त्यानं पेपर तपासले, आईला जबरदस्तीनं घरी झोपायला पाठवलं. वडील गेले तेव्हा माझे दोन्ही भाऊ रस्त्यात होते. खांदा द्यायला सर होते. हे सगळं मी तिला सांगितलं, इंग्रजीत सांगताना अडखळत. ती शेवटपर्यंत ऐकून घेत राहिली.

"मग त्यांच्यावरचा संशय आपण दूर करू," ती म्हणाली. "आज त्यांना एक खोटी गोष्ट सांग. सांग की आमच्या सरकारचा फोन आला. समुद्राला भिंत बांधायला मदत मिळत्येय, म्हणून उद्या सकाळी मी स्वतःच परिच्छेद मागे घेणार आहे. ही गोष्ट केंटपर्यंत गेली नाही, तर मी तुझ्या सरांची पाया पडून माफी मागेन. तुमच्याकडे तसं करतात ना?"

मी लगेच कबूल झाले. मला घाईच झाली होती म्हणा ना, सरांना निर्दोष सोडवायची.

तिकडे दिवस लवकर मावळतो. संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर सर दिसले. मफलर कानाभोवती घट्ट गुंडाळून, हातात भाजलेल्या चेस्टनटची पुडी घेऊन उभे होते.

"घे, फणसाच्या आठळ्यांसारखे लागतात," ते म्हणाले. "काय झालं ग?"

मी सांगितलं. सांगताना आवाज कापला, आणि त्यांना तो दुःखानं कापला असं वाटलं.

"अरेरे," ते म्हणाले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "एवढी मेहनत केलीस. पण वाईट वाटून घ्यायचं नाही. गरीब देशांना शेवटी भिंतच लागते, परिच्छेद घेऊन काय करतील ते?" मग त्यांनी विचारलं, "नक्की ना? सकाळीच मागे घेणार?"

"हो सर. पहिल्या तासातच."

"बरं. तू जा ट्रामनं. थंडी वाजतेय तुला. मी जरा एकाला भेटून येतो."

ट्रामच्या काचेतून ते मला रस्ता ओलांडताना दिसले. सर रोज कुणाला ना कुणाला भेटतच असत, असं मी स्वतःला बजावत राहिले.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी खोलीत जाऊन बसले. लंबगोल टेबल होतं, प्रत्येक देशाची पाटी आणि पाटीमागे खुर्ची. केंट एकदाही उशिरा आला नव्हता. आमचा परिच्छेद चर्चेला असला की तो पाणी प्यायलाही उठायचा नाही. माणसं येऊ लागली. तेरेसिया आली, माझ्याशेजारी बसली आणि तिनं चष्मा पुसायला घेतला. अध्यक्षबाई आल्या. केंटची खुर्ची रिकामीच होती.

मी दाराकडे बघत बसले. आयुष्यात मी कुणाची एवढी वाट पाहिली नसेल. ये रे बाबा, ये, असं मनात म्हणत होते. तू ये, आरडाओरडा कर, आमचा परिच्छेद फाडून टाक, पण ये. दार उघडलं की मी मान वर करायचे आणि आत भलताच कुणीतरी यायचा. शेवटी केंटच्या जागी त्या देशाच्या मंत्रालयातला एक पोक्त अधिकारी येऊन बसला. हा खरोखरच त्या देशाचा माणूस होता. त्यानं कानाला भाषांतराचं यंत्र लावलं आणि समोरच्या कागदावर रेघोट्या ओढायला सुरुवात केली. केंट पलीकडच्या दालनात कोळशावरच्या बैठकीला गेल्याचं त्यानं शेजारच्याला सांगितलं. इथे आज काही व्हायचं नव्हतंच ना.

"परिच्छेद सव्वीस," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कुणाला काही म्हणायचं आहे?"

तेरेसियानं बोलायची वेळ मागायला पाटी उचलली नाही. ती नुसती बसून राहिली.

"मूळ शब्दांत मान्य करायला कुणाची हरकत?"

तो अधिकारी एकदा वर बघून तेरेसियाकडे पाहत राहिला. ती आत्ता परिच्छेद मागे घेईल, अशी त्याची समजूत असणार. की नसेलही. मला अजून कळलेलं नाही, कारण त्याला पाटी उचलायला भरपूर वेळ होता. त्यानं मान खाली घातली आणि पुन्हा रेघोट्या ओढू लागला.

"हरकत नाही. मान्य," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि हातोडा आपटला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी तेरेसियाला मिठी मारली. टाळ्या चालू असतानाच केंट धापा टाकत दारात आला, आणि त्यानं तेरेसियाकडे पाहिलं नाही, अध्यक्षबाईंकडेही नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. ती बातमी माझ्या तोंडून निघाली होती, हे त्याला एरवी ठाऊक असायचं काहीच कारण नव्हतं.

सर मला त्याच बाकापाशी सापडले, किंवा मी त्यांना सापडले. ते उभेच होते. मला वाटलं होतं ते नजर चुकवतील. त्यांनी सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरलेले होते.

"तू माझ्याशी खोटं बोललीस," ते म्हणाले.

खोटं सांगत नाही, त्या क्षणी माझ्या तोंडात 'चुकलं सर' हेच शब्द आले होते.

"इतक्या वर्षांत मी तुझ्याशी एकदा तरी खोटं बोललोय? आठवून सांग."

मी खरंच आठवून बघितलं. ते बोलले नव्हते. मीच कधी काही विचारलं नव्हतं.

"तुम्ही केंटला सांगत होता," मी म्हटलं. "मी सांगितलेलं सगळं. रोज."

"दोन टोकांची माणसं एकत्र आणायची तर मधे कुणीतरी लागतं. तुला वाटतं ही जागा भाषणांवर चालते? मी त्याला सांगितलं म्हणून तो काल अर्धं द्यायला तयार झाला. सल्लागार वगळून का होईना, बाकीचं तुम्हाला कायमचं मिळालं असतं. आजचं हे तुमचं टिकायचं नाही. बघशील तू."

"सल्लागार वगळून," मी म्हटलं. "तुम्ही त्यांचे सल्लागार आहात, सर?"

त्यांनी मफलर काढला, त्याची घडी घातली.

"कागदावर आहे. मी एक पैसा घरी नेत नाही. केंद्राला देणगी येते, अगदी पहिल्यापासून. ते ग्रंथालय, त्या शिष्यवृत्त्या, गडचिरोलीहून आलेली ती दोन मुलं, त्यांचं वसतिगृह. विद्यापीठ देत होतं का? चार ठिकाणी पदर पसरलाय मी, संयोगिता. देणारे तेवढेच निघाले."

"आणि माझी फेलोशिप?"

त्यांनी मफलरची घडी खिशात कोंबली.

"सर, माझी फेलोशिप?"

"तुला काय वाटलं? छोट्या देशांना फुकट वकील द्यायची कल्पना कुणाची होती?" ते हळू आवाजात म्हणाले. "मला ती चांगली वाटली. अजूनही वाटते. त्या लोकांना तुझ्यासारखी हुशार मुलगी मिळाली. त्यांचं नुकसान काय झालं सांग? आता तुझा नियम आला, तर तुझ्या बिल्ल्यावर तू काय लिहिणार आहेस, याचा विचार केलायस?"

नव्हता केला. माझ्या तिकिटाचे, हॉटेलचे, अंगावरच्या कोटाचेसुद्धा पैसे केंटच्या कंपनीकडून आले होते. मला त्या बेटाच्या खोलीत बसवलं होतं ते मी तिथून उठून रोज या बाकावर यावं म्हणून. आणि मी आले होते, रोज, आपलं माणूस भेटणार म्हणून धावत.

मी तेरेसियाला शोधायला गेले. गळ्यातला बिल्ला काढून तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही.

"फुकटचा वकील कोण पाठवतं, हे आम्ही विचारत नसू असं वाटलं तुला?" ती म्हणाली. "वकील तर लागणारच होता. तू काम छान केलंस. मनापासून केलंस, तेही दिसत होतं."

"म्हणजे तुला आधीपासून खात्री होती? मग मला परीक्षा घ्यायला का पाठवलंस?"

"मला होती. तुला नव्हती. तुला माहीत असतं, तर तुला खोटं बोलता आलं नसतं."

"आणि माझ्यासमोर तुम्ही तुमचं शेवटचं..."

"ते आमचं शेवटचं नव्हतं," तेरेसिया म्हणाली. "शेवटचं आम्ही तुझ्यासमोर कधीच बोललो नाही."

तिनं माझ्या गालावर हात ठेवला, शाळेतली बाई ठेवते तसा, आणि ती आत निघून गेली. तिच्यापुढे खूप काम होतं. मी कोटांच्या त्या रांगेत जरा वेळ उभी राहिले. त्या सबंध परिषदेत माझ्याशी सगळ्यात कमी लबाडी कुणी केली असेल तर ती केंटनं, कारण तो माझ्याशी बोललाच नव्हता.

सरांचं म्हणणं खरं ठरलं. शेवटच्या मोठ्या सभेत तीन देशांनी परिच्छेद पुन्हा उघडला, आणि 'बंधनकारक राहील' काढून तिथे 'आवाहन करण्यात येत आहे' असं घातलं. तेरेसिया तीनदा उठून बोलली. तिचा आवाज बसला होता. मग हातोडा पडला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी प्रेक्षकांच्या सज्जात होते, दिवसाच्या पाहुण्याचा बिल्ला घालून. परतल्यावर मी फेलोशिप सोडली आणि सांगलीला जाऊन कोर्टात वकिली सुरू केली. आजही तेच करते. पण त्याआधी घरी पोचायचं होतं.

विमानाची तिकिटं केंद्रानं एकत्र काढली होती. सर खिडकीशी, मी मधे, आणि कडेला एक साठीच्या बाई. मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, आता सातारला परत निघाल्या होत्या. विमान उडेपर्यंत सर डोळे मिटून बसले होते. त्यांचा चेहरा राखेसारखा दिसत होता. त्यांनी ब्लँकेट छातीपर्यंत ओढलं, ते अर्धं खाली घसरलं आणि मी ते उचलून दिलं नाही.

"बाबांना बरं वाटत नाही का ग?" बाईंनी हळूच विचारलं.

सरांनी डोळे उघडले. मी काय म्हणते इकडे त्यांचं लक्ष आहे, हे मला न बघता कळलं.

"मी यांना ओळखत नाही," मी म्हटलं.

"अगंबाई, मला आपलं वाटलं..." बाई ओशाळल्या. मग अघळपघळ माणसाच्या स्वभावाप्रमाणे त्यांनी माझ्यावरून वाकून सरळ सरांनाच विचारलं, "बरं नाही का तुम्हाला? माझ्याकडे गोळी आहे."

"नाही, नाही, थोडं दमायला झालंय," सर म्हणाले. "तुमचं काय, नात की नातू?"

मग ते दोघं माझ्यावरून बोलत राहिले. नातीचं नाव, तिकडची थंडी, बाळाला तेल लावू न देणारी नर्स. सर हसले, बाईंना हसवलं, त्यांच्या पिशवीची चेन उघडेना ती उघडून दिली, त्यांना इमिग्रेशनचा कागद भरायला मदत करतो म्हणाले. आवाज तोच होता, मिरजेच्या इस्पितळात आईशी बोलत होता तोच. त्यात कुठेतरी खोट ऐकू यावी म्हणून मी कान देऊन ऐकत होते. ती ऐकू आली असती तर पुढची सगळी वर्षं मला फार सोपी गेली असती.

"तुम्ही काय करता हो?" बाईंनी विचारलं.

सरांनी घसरलेलं ब्लँकेट वर ओढून घेतलं.

"मी शिकवतो," ते म्हणाले.

आणि तेही खोटं नव्हतं.